घरची मंडळी

आज सकाळपासून डोकं तापलंय. लिहून मोकळी होते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

चुलतभावानं काल रात्री एक जुना फोटो टाकला आणि मला टॅग केलं. आमच्या गुऱ्हाळाचा, जानेवारी १९८७ चा. मागं काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, काहिलीतनं उठणारी वाफ. पुढं फेटा बांधलेले आबा, त्यांच्या एका अंगाला तात्या, दुसऱ्या अंगाला माझे आण्णा, बंडी घातलेला गुळव्या, घाण्यावरचे दोघं गडी. फोटो मूळचा काळा-पांढरा. त्यानं मोबाईलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपमधनं तो रंगीत करून घेतलाय. वाफ्यातला, म्हणजे ओतून गार करायच्या हौदातला, गूळ हळद लावल्यासारखा पिवळाधमक झालाय आणि आबांचा फेटा गुलाबी. आबांनी उभ्या जन्मात गुलाबी फेटा बांधला नाही, पण ते सोडा.

खाली लिहिलंय: "सोन्यासारखे दिवस." मग सगळ्यांची नावं. आबांचं, तात्यांचं, आण्णांचं, गुळव्याचं, दोन्ही गड्यांचंसुद्धा. आणि शेवटी, "आणि घरची मंडळी."

दोनशेच्या वर लाइक पडलेत. "नादखुळा." "काळजाला हात घातलास भावा." "ती चव आता कुठं." एकानं विचारलंय, घरची मंडळी कुठायत फोटोत? त्यावर ह्यानं हसरा चेहरा टाकलाय.

मी सांगते कुठायत. मूळ फोटोत उजव्या कडेला, अगदी काठावर, एका बाईचं कोपर आलंय. कोपराखालचा हात, बांगड्या, आणि शेजारी फडक्यानं झाकलेली जेवणाची बुट्टी. माझ्या कपाटात मूळ प्रत आहे म्हणून छातीठोक सांगते. रंगीत करताना ह्यानं कडा कापली. बुट्टी अर्धी राहिली आणि कोपर गेलं. ते कोपर त्याच्या आईचं. माझ्या थोरल्या आईचं.

आणि हा फोटो टाकणारा त्या साली आठ महिन्यांचा होता. त्याला काय आठवणार? मला आठवतंय. मी नऊ वर्षांची होते आणि त्या रात्री कंदील माझ्या हातात होता.

ज्यांनी गुऱ्हाळ फक्त रिसॉर्टमध्ये तिकीट काढून बघितलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचं गाव भोगावतीकाठचं. राधानगरीच्या धरणाचं पाणी, काळी रानं, नजर जाईल तिथवर ऊस. कारखान्याला जाणारा जायचा, पण आबांचा जीव गुळावर. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरीची गूळपेठ वसवली हे आबा असं सांगायचे, जणू उद्घाटनाला ते स्वतः हजर होते. गुऱ्हाळ चार घरांत सामाईक होतं. दिवाळी झाली की सुरू व्हायचं आणि ज्याची त्याची पाळी ठरलेली असायची. पाळी आली की त्या चार-पाच दिवसांत घरातलं कुणी झोपायचं नाही. रानात फडकरी ऊस तोडायचे, बायका वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायच्या, मोळ्या बैलगाडीनं गुऱ्हाळावर यायच्या, घाण्यातनं रस निघून मांदणात पडायचा आणि तिथनं काहिलीत. चुन्याची निवळी आणि ठेचलेल्या रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर यायची, ती झाऱ्यानं काढायची. एका आदणाला, म्हणजे एका काहिलीभर रसाला, अडीच-तीन तास. टनभर उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ उतरला तर उतारा बरा म्हणायचा.

गुळव्या वर काहिलीपाशी उभा. त्याचा मान मोठा, कारण पाक कधी उतरायचा हे त्याच्या डोळ्यावर. पाण्यात थेंब सोडून गोळी करायचा आणि काहिलीच्या काठावर मारायचा. टण्ण वाजली की काहील उतरवायची. पण त्याच्या खाली, जमिनीच्या पोटात, चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात एक माणूस बसलेला असतो. जळव्या. रस काढून उरलेली वाळलेली चिपाडं मूठ-मूठ आत सारायची, हे त्याचं काम. ऐकायला सोपं वाटतं. रस गार असताना जाळ भडका पाहिजे, मळी यायला लागली की लगेच मंद, मळी काढली की परत भडका, आणि पाक आला की क्षणात खाली. एक मिनिट चुकलं तर गूळ करपतो, काळा पडतो, नाहीतर बसतच नाही, नुसता चिकट लगदा होतो. म्हणजे वरचा कितीही कसबी असला तरी गूळ जन्माला घालतो तो खालचा. फोटोत खालचा कधी येत नाही. तो खड्ड्यात असतो.

त्या रात्री जळव्याला हिव भरलं. दिवस मावळताना तो कांबळं पांघरून घरी गेला. आणि दीड दिवसापूर्वी तोडलेला ऊस घाण्यापाशी पडलेला. शिळ्या उसाचा गूळ बसत नाही हे आमच्याकडं पोरंसुद्धा जाणतात. तीन आदणं बाकी होती. आबा, तात्या, आण्णा, दोन गडी, सगळे कशा ना कशाला जुंपलेले. दुसरा जळव्या कुठनं आणायचा? सगळ्या गावात गुऱ्हाळं चालू होती.

थोरली आई रात्री आठला जेवणाची बुट्टी डोक्यावर घेऊन गेली होती. परत यायला पाहिजे होती, कारण घरात हा तान्हा. नऊ वाजले, दहा वाजले. ह्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. आईनं म्हशीचं दूध चमच्यानं घालून बघितलं, थुंकून टाकलं. माझ्या आईला उठता येत नव्हतं, रात्रीच्या भाकरीचा दुसरा घाणा तव्यावर होता. मग आज्जीनं ह्याला कुंची घातली, कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, कंदील घे. आज्जीला रात्री दिसायचं नाही. तिनं डाव्या हातानं माझी वेणी धरली आणि आम्ही निघालो. मी पुढं कंदील घेऊन, मागं वेणी धरून आज्जी, तिच्या कडेवर हा. दोन्हीकडं डोक्याच्या वर ऊस. पाचटात काहीतरी खसफसलं की मी थांबायची आणि वेणीला हिसका बसायचा. आज्जी सबंध वाटभर एकच म्हणत होती, सरळ चल, सरळ चल.

गुऱ्हाळावर पोचलो तर थोरली कुठं दिसेना. आण्णांनी हातानंच खाली दाखवलं.

चुलवाणाच्या खड्ड्यात ती बसली होती. पदर डोक्याला गच्च बांधलेला, पापण्यांवर राख, तोंड तांब्याच्या घागरीसारखं लाल. उजव्या हाताच्या गोंदणावर ठिणगी पडून फोड आला होता. तिला त्या हातावर तुळस गोंदलेली आहे, त्या तुळशीच्या शेंड्यावरच. आज्जीनं हा तिच्या मांडीवर दिला. तिनं पदर घेतला, त्याला लावलं, आणि उजवा हात तसाच चालू. मूठभर चिपाड, आत. मूठभर चिपाड, आत. हा पीत-पीत जाळाकडं टकामका बघत होता आणि थोड्या वेळानं झोपला.

वरनं गुळव्या ओरडायचा, "जळव्या, जाळ धर! जळव्या, सोड आता!" मध्ये भिंत होती, त्याला खालचं दिसत नव्हतं. जळव्या बदललाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि थोरली सासऱ्यासमोर तोंडातनं शब्द काढायची नाही. तो ओरडायचा आणि खालनं जाळच उत्तर द्यायचा.

पहाटे तिसरं आदण वाफ्यात ओतलं. मी चिपाडाच्या ढिगावर पडून होते, अर्धी जागी. गुळव्या फावड्यानं गूळ ओढता-ओढता म्हणाला, "आज जाळ कुनी घातला वो? लई बेस पडलाय." आबा म्हणाले, "घरचंच मानूस हुतं."

घरचंच मानूस हुतं.

म्हणून सकाळी "घरची मंडळी" वाचल्यावर माझ्या मस्तकात गेलं. अडतीस-एकोणचाळीस वर्षं झाली. आबा गेले, तात्या गेले, गुऱ्हाळाचे पत्रे उतरले, काहील भंगारात गेली, आणि वाक्य तेच. आबांनी ते तोंडानं म्हटलं, नातवानं मोबाईलवर टाईप केलं.

त्या तीन आदणांचा गूळ सौद्याला गेला तेव्हा त्या दिवसातला वरचा भाव त्याला लागला. आबा अडत दुकानातनं पट्टी घेऊन आले ते पेढे घेऊनच. गुळव्याला टॉवेल-टोपी दिली. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला. थोरलीला काय मिळालं? काकवीची एक कासंडी घरी आली होती, ती सगळ्यांसाठीच होती आणि ती वाटायचं कामही तिचंच.

मला माहिती आहे, आता काही जण म्हणतील, त्या काळात असंच होतं, सगळेच राबत होते. होय, राबत होते. आबांच्या पाठीवर मोळीचा घट्टा होता, मी हातानं चाचपलेला आहे. आण्णांनी घाण्यात बोटाचं पेर घालवलं. त्यांचे कष्ट मी खोटे म्हणत नाही. पण त्यांच्या कष्टाला नाव मिळालं. फोटो मिळाला, टॉवेल मिळाला, सातबारा मिळाला.

सातबाऱ्यावर थोरलीचं नाव कधी लागलं? तात्या गेल्यावर. वारस म्हणून. नवरा मेला तेव्हा ती शेतकरी झाली, त्याआधी चाळीस वर्षं ती घरची मंडळी होती. ती खड्ड्यात बसली त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, तिकडं चांदवडला शेतकरी संघटनेचं बायकांचं केवढं मोठं अधिवेशन झालं होतं. पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा म्हणून कितीतरी गावांत पुरुषांनी स्वतःहून नावं लावली. आमच्या उंबऱ्याच्या आत त्यातलं काही आलं नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारा १९९४ चा कायदा आला तोही आमच्याकडं कुणी वाचला नाही. मी पुण्यात शिकलेली, नोकरी करणारी. आबांच्या माघारी हक्कसोडपत्राचा कागद पुढं आला तेव्हा मीसुद्धा गुमान सही केली. भावाला वाईट वाटेल म्हणून. माहेर तुटेल म्हणून. ह्याचा राग कुणावर काढू?

आणि ते "ती चव आता कुठं"! पिवळ्या गुळाला भाव जास्त, म्हणून त्या काळातही काहिलीत हायड्रॉसची, म्हणजे रंग उजळायच्या रसायनाची, पावडर पडायची. आमच्याही पडायची. बिनपावडरीचा तांबूस-काळपट गूळ घरच्यासाठी वेगळा काढायचे आणि पिवळा बाजारात जायचा. आज तोच काळपट गूळ "सेंद्रिय" म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात दुप्पट भावानं मिळतो आणि लोक म्हणतात, जुनं ते सोनं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग, मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, अजूनही आहे. पाणी, माती, गुळव्याचं कसब, सगळ्याचा गौरव झाला. व्हायलाच पाहिजे. मी तेव्हाही शोधत होते, कुठं तरी कुणी खड्ड्यातल्या माणसाबद्दल एक ओळ लिहील. बांधावरच्या, भाकरी थापणाऱ्या, वाढं बांधणाऱ्या बायकांबद्दल एक ओळ.

भावा, तू हे वाचणार आहेस. तुझ्यावर राग आहे आणि नाहीही. फोटो तू जपलास हे खरं. बाकी कुणाला गुऱ्हाळाचं काय पडलंय? तू गावात राहिलास, रान कसतोस, तुझ्या आईला सांभाळतोस. मी पुण्यात बसून भाषण देते. तेवढं मान्य. पण अरे, त्या रात्री त्या जाळाच्या उजेडात तू दूध पीत होतास. ते दूध आणि तो गूळ एकाच वेळी एकाच बाईच्या अंगातनं निघत होतं, आणि तू तिला "मंडळी"त घातलंस?

इथवर लिहिलं आणि राहवेना. थोरलीला फोन लावला. वहिनीनं उचलला, तिच्या कानाला दिला.

"काय गं, सकाळ-सकाळ? पाऊस हाय का तिकडं?"

म्हटलं, "गुऱ्हाळाची ती रात आठवती का गं तुला? जळव्याला हिव भरलं ती?"

"न आठवाया काय झालं? मीच बसलो हुतो की."

आमच्याकडं बायका अशाच बोलतात, बसलो, गेलो, आलो. फोनवर ते ऐकलं की मला बरं वाटतं.

"लई हाल झालं असतील तुझं," मी म्हटलं. माझा आवाज भरून आला होता.

"हाल? हाल कसलं?" ती म्हणाली. "अगं, त्या रातीला मी बसून हुतो. घरात कवा बसाय मिळालं मला? म्हस हाय, पानी हाय, भाकरी हाय, लेकरू हाय. तितं मला ऊठ म्हणाया कोन न्हवतं. वरनं त्यो वरडायचा जाळ धर, मी धरायचो. सोड म्हणला की सोडायचो. मग दुसऱ्या आदनाला त्यानं वरडायच्या आदीच मला कळाया लागलं. रस वाजतो गं. खालनं आयकू येतंय. मळी येताना येगळा वाजतो, पाक येताना येगळा. काहील आयकत हुती माझं."

मी गप्प. एवढी वर्षं मी ह्या बाईची कीव करत आले होते.

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी सांच्याला परत गेलो. मामंजी म्हणालं, जळव्या आलाय, तू घरला जा. म्होरल्या साली बी तुज्या चुलत्याला म्हणलं, एक आदन बसू द्या मला. म्हणालं, लोक काय म्हणतील, बाईमानसाचं काम हाय व्हय ते."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मागं म्हशीची साखळी वाजत होती.

हे मला कधीच माहीत नव्हतं. मी समजत होते तिच्यावर ते काम पडलं. तिनं ते परत मागितलं होतं. दोनदा मागितलं होतं. आता हे लिहिताना माझा सकाळचा राग राहिलेला नाही, दुसराच कसला तरी आलाय, आणि तो रडू येण्याच्या जवळचा आहे. एक बाई एका रात्रीत रसाचा आवाज ओळखायला शिकली आणि तिला सांगितलं, घरला जा. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं ते गुऱ्हाळ पेटत होतं. दर पाळीला ती बुट्टी घेऊन जायची, बुट्टी ठेवायची आणि परत यायची. त्या वेळी खालनं येणारा आवाज तिला ऐकू येत असणार. चुकलेला जाळ कळत असणार. आणि ती सासऱ्यासमोर बोलत नसे.

विचारलं, "तुझं नाव लिहू का गं फेसबुकवर?"

"नाव नगं बाई. गावात हसतील. पर जाळ म्या घातला हुता, हे लिव. तीनी आदनं म्या काढली. गुळव्याबी म्हणाला हुता, बेस पडलाय म्हणून. तेबी लिव."

म्हणून नाव लिहिलेलं नाही. बाकी तिनं सांगितलं तसं लिहिलंय.

मग मी वहिनीच्या मोबाईलवर मूळ फोटो पाठवला, न कापलेला. म्हटलं तिला दाखव, उजव्या कडेला तिचं कोपर आलंय बघ. वहिनीनं मोठा करून दाखवला असावा. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"ह्यो माजा हात न्हवं," थोरली म्हणाली.

"तुझाच की. बुट्टी हाय बघ शेजारी."

"अगं, माज्या हातावर गोंदलंय. ह्या हातावर कुटं काय हाय? तुज्या आईचा हात हाय त्यो. गोंदनारीन आल्ती तवा भिऊन माळ्यावर जाऊन बसली हुती ती, म्हणून कोरा ऱ्हायला. त्या दिशी जेवान घिऊन तीच आल्ती. चाळीस भाकरी थापून, वर आन डोक्यावर घिऊन."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. हा फोटो तेव्हापासून माझ्याच कपाटात आहे. कितीदा काढून बघितला असेल.

मघापासून तो टेबलावर ठेवलाय. बांगड्या मोजल्या, सहा आहेत. मनगटाजवळ पांढरं काहीतरी आहे, आधी मला वाटायचं फोटो खराब झालाय. पीठ आहे ते.